दोन संडास, एक भिंत

लग्न होऊन मी नायगावजवळच्या खेड्यात आले, तेव्हा सासरचा संडास नुकताच बांधून झाला होता. बोलणीत माझ्या वडिलांनी तेवढी एकच अट घातली होती. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्याच दिवशी आत गेल्या, कडी लावली आणि हाका मारल्या तरी लवकर बाहेर येईनात. जन्मभर अंधार पडायची वाट बघितलेली बाई. आता कशाला घाई करेल?

सासरे, म्हणजे मामा, मात्र ऐकेनात. मामा रोज सकाळी टमरेल भरून ओढ्याकडे जायचे, सोबत शेजारचे आबा. दोघे लहानपणापासूनचे दोस्त. परतायला तासभर तरी लागायचा, कारण वाटेत सोयाबीनच्या भावापासून जावयांच्या प्रतापांपर्यंत सगळं निघायचं.

एका पावसाळ्यात मामा ओढ्याकाठी घसरले. आबांनी धरून घरी आणलं. पाय चांगलाच सुजला होता.

"आता तरी घरातल्यात जावा," आत्या म्हणाल्या.

"चार भिंतीत मला होत न्हाई."

"का होत न्हाई?"

मामा खाली बघत म्हणाले, "तिथं बोलाय कोन हाय?"

आम्हा दोघींना हसू आलं, पण मामा खरंच सांगत होते.

आबांकडे अजून संडास नव्हता, आणि आमची अंगणं लागूनच. मी आबांना म्हटलं, तुमचा आमच्या भिंतीला चिकटूनच बांधा. मधल्या भिंतीत वरच्या अंगाला सिमेंटची जाळी ठेवायला सांगितली, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "ताई, लई संडास बांधले, पण असली खिडकी कुनी मागितली न्हाई."

आबांचा संडास तयार झाला त्या दिवशी मामा काठी टेकत आमच्या संडासात गेले आणि खाकरले. पलीकडून आबाही खाकरले.

"काय करून राहिला रे?" मामांनी विचारलं.

"तुला काय वाटून राहिलं?"

मग दोघांचं हसणं थांबेचना.

आता अंगणात भांडी घासताना मला गावाची खबर बसल्या जागी मिळते. आबांच्या नातीचं लग्न ठरतंय, हे मला तिच्याआधी कळलं. फार वेळ झाला की आत्या दारावर थाप मारतात. "ऱ्हायलेलं वट्यावर बोला. मला बी जायचं हाय."

"हाव, आलो," म्हणत दोघे आपापल्या दारातून बाहेर येतात, हातपाय धुतात आणि ओट्यावर बसून अर्धवट राहिलेला विषय पुढे चालू करतात.