आक्काचा पहिला नंबर

जानकीबाईला चाळीत सगळे आक्का म्हणतात. दुधाची पिशवी हातात आली की आक्का आधी ती उजेडात धरून चहूबाजूंनी दाबून बघते. गळतेय का म्हणून नाही हो, कुणी सुईने टोचून आत पाणी तर घातलं नाही ना, म्हणून. भोपळा घ्यायचा तर भाजीवाल्याने तो तिच्या डोळ्यांदेखत कापायला हवा. रिक्षावाला नेहमीच्या रस्त्याने निघाला तरी ती विचारणार, "ह्या रस्त्यानं का रे नेतंस?" आणि वेगळ्या रस्त्याने निघाला तर मग त्याचं काही खरं नाही.

बाई उगाच अशी झाली नाही. पडघ्याच्या पलीकडच्या वाडीतली ही पोर एकोणिसाव्या वर्षी लग्न करून कामतघरला आली. नवरा, महादू, लूमवर कामाला. हिनेही त्याच कारखान्यात तेवीस वर्षं कांड्या भरल्या, म्हणजे लूमच्या धोट्यात बसतात त्या सुताच्या नळकांड्या. लूमच्या खडखडाटात कोणाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथे माणसाच्या तोंडाकडे बघून तो काय म्हणतोय ते ओळखावं लागतं. आक्काने तेवीस वर्षं माणसांची तोंडं वाचली. ओठ एक बोलतात आणि डोळे भलतंच, हे तिच्या इतक्यांदा ध्यानात आलं की पुढे खडखडाट सुटला पण संशय काही सुटला नाही. महादू गेला. मुलगा दीपेश लूमवर लागला, सून रीमा गोदामात पॅकिंगला जाऊ लागली, आणि घरात आक्काच्या वाट्याला उरली नात रुचिका. तिसरीतली. जगात एवढ्या एकाच माणसावर आक्काचा डोळे मिटून विश्वास.

आणि त्याच पोरीला वर्षात दुसऱ्यांदा टायफॉइड झाला.

पहिल्या वेळी डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून द्या. रीमाने तेव्हापासून गॅसवर पातेलं चढवलं ते उतरवलं नाही. तरी सहा महिन्यांत पुन्हा तोच ताप, तेच सलाईन. पोर सुकून काटकी झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर रीमाने रुचिकाचे कपडे पिशवीत भरले आणि म्हणाली, "आई, हिला घेऊन मी पडघ्याला माझ्या आईकडे जाते. शाळापण तिथेच बघते. हे पाणी कुठून बिघडतंय ते कळल्याशिवाय मी माझ्या पोरीला इथे आणणार नाही."

आक्काने ती पिशवी घट्ट धरून ठेवली. "पंधरा दिस दे मना," ती म्हणाली. "कोण पाणी खराब करतं ते मी हुडकून काढते."

रुचिका दारातून म्हणाली, "आजी, चोर सापडला की मला फोन कर."

आता हा चोर शोधायचा कुठे? चाळीत अकरा घरं आणि नळ एक. पाणी एक दिवसाआड, सकाळी अकराच्या सुमाराला येणार आणि पाऊण तासात जाणार. नळावर पहिला नंबर आक्काचा. आज नाही, गेली तीस वर्षं. त्यालाही कारण होतं. वाडीला एकच विहीर. पहाटे जी बाई आधी जाईल तिला निवळ पाणी मिळायचं, मागून येणारीला दोरांनी ढवळलेला गाळ. आक्काच्या आईने तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती, की पिण्याचं पाणी कोणाची घागर बुडायच्या आधी काढायचं. कामतघरला विहीर नव्हती, पण शिकवण होतीच. नळाने पहिला गुळगुळ आवाज केला की आक्काची तांब्याची कळशी तोटीखाली. ते पहिलं पाणी आता कोणासाठी? तर फक्त रुचिकासाठी. स्वतः आक्का मागून भरलेल्या पिंपातलं प्यायची, दीपेश कारखान्यात प्यायचा. पहिलं, चांगलं, अनाघ्रात पाणी नातीचं. वर कळशीला कोणाची नजर नको म्हणून ती घरूनच एका जुन्या गोणपाटात गुंडाळून आणायची, तशीच भरायची आणि पदराआड धरून आत न्यायची. चाळीतल्या बायकांना वाटायचं, म्हातारी काहीतरी लपवते. लपवतच होती.

पहिला संशय गेला तुळशीरामवर. हा व्हॉल्व उघडणारा माणूस. लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून सायकलवरून येतो, रस्त्यातलं लोखंडी झाकण काढतो, चावी फिरवतो. आक्का त्या दिवशी त्याच्या मागेच जाऊन उभी राहिली.

"काय टाकतंस रे त्या भोकात?"

"चावी टाकतो, आक्का."

"आणि काय?"

"आणि काय टाकणार? मी पाणी सोडतो, बनवत नाही." तुळशीराम हसला, आणि तो हसला म्हणून आक्काचा संशय जास्तच वाढला. पण दोन पाळ्या त्याच्या मागे हिंडूनही त्याच्या हातात चावीशिवाय काही दिसलं नाही.

मग नंबर लागला कमळचा. कमळ शेजारची, नळावर आक्काच्या मागचा दुसरा नंबर तिचा. गेल्या वर्षी मोरीच्या सांडपाण्यावरून दोघींची चांगली जुंपली होती. तिची दोन्ही पोरं ठणठणीत, गल्लीभर उंडारतात, साधं पोटसुद्धा दुखत नाही. एकाच नळाचं पाणी पिऊन तिची पोरं धडधाकट आणि माझी रुचिका सलाईनवर? आक्काला हे काही केल्या पटेना. काहीतरी आहे, बाई काहीतरी करतेय.

त्याच आठवड्यात दवाखान्यातली एक ताई पाण्याच्या तपासणीला चाळीत आली. तिच्याकडे छोट्या काचेच्या बाटल्या होत्या. "ह्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून दोन दिवस ठेवायचं," ती म्हणाली. "पाणी काळं पडलं तर समजायचं, त्यात गटाराची घाण आहे."

आक्काने दोन बाटल्या मागून घेतल्या. एकीत रुचिकाच्या कळशीतलं, अजून तसंच झाकून ठेवलेलं पाणी भरलं. दुसरीत कमळच्या हंड्यातलं, आणि तेही कमळ पाणी भरत असताना, स्वतः समोर उभं राहून. दोन्ही बाटल्यांना वेगवेगळ्या रंगाचं सूत बांधलं, कपाटात ठेवल्या, कुलूप घातलं, किल्ली कमरेला. दीपेश म्हणाला, "आई, बाटल्या काय पळून जाणार आहेत?" आक्का म्हणाली, "तू गप."

तिसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं. लाल सुताची, कमळची बाटली जशीच्या तशी. पांढऱ्या सुताची, आपली, काळीकुट्ट. तव्याच्या बुडासारखी.

मग काय विचारता! आक्का दोन्ही बाटल्या घेऊन थेट नळावर. पाण्याचा दिवस होता, सगळ्या बायका हंडे-बादल्या घेऊन उभ्या होत्या, तुळशीराम नुकताच व्हॉल्व उघडून चहाला टेकला होता.

"बघा सगळ्यांनी!" आक्का कडाडली. "एकाच नळाचं पाणी. हिचं साफ आणि माझं काळं! कमळ, काय केलंस गो माझ्या पोरीच्या पाण्यात? खरं बोल!"

कमळचा चेहरा उतरला. "आक्का, मी कशाला तुमच्या पाण्याला हात लावू? तुमच्या पोरीचं मी वाईट चिंतीन? अहो, ती आजारी होती तेव्हा मी नवस बोलले वज्रेश्वरीला."

आक्काने तिच्या तोंडाकडे बघितलं. तेवीस वर्षांचा सराव. ओठ आणि डोळे एकच बोलत होते. त्याने तर आक्का जास्तच बावरली.

तुळशीराम पेला ठेवून उठून आला. काळी बाटली हातात घेतली. "आक्का, हे पाणी कधी भरलेलं? नळ सुरू झाल्या झाल्या?"

"मग? पहिला नंबर माझा हाय. पहिलं पाणी माझंच."

"अहो, मग तेच तर." तुळशीरामने नळाकडून गल्लीच्या टोकापर्यंत बोट फिरवलं. पाइप गटारातूनच गेला होता, अर्धा गाळात बुडालेला, मध्ये एका जोडाला रबर गुंडाळलेलं. "दोन दिवस ही लाइन रिकामी पडते. वरून पाण्याचा दाब नसला की जोडातून गटाराचं आत झिरपतं. पाणी सुटलं की ती सगळी घाण आधी बाहेर येते. पहिली दहा-पंधरा मिनिटं ते प्यायचं नसतं. हे काय कोणाला सांगायला लागतं?"

नळ आपला वाहत होता, बादली भरून वाहून चालली होती, तरी कोणी पुढे झालं नाही.

मग कमळ हळूच म्हणाली, "आम्हाला वाटायचं, आक्का पहिलं पाणी मोरीला आणि लादीला वापरतात. म्हणून तर तुमच्या नंबरवरून आम्ही कधी भांडलो नाही. तुमचं पिंप भरेपर्यंत घाण निघून जाते आणि आमच्यापर्यंत साफ पाणी येतं. त्या गोणपाटाखाली पिण्याची कळशी आहे, हे आम्हाला काय माहीत?"

आक्का मटकन ओट्यावर बसली. ह्या चाळीत दोरीवरच्या चिमट्यावरून भांडणं होतात. जिन्यातल्या चपलांवरून होतात. तीस वर्षांत एका बाईने आपल्या पहिल्या नंबरवर तोंड उघडलं नाही, आणि साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या आपल्याला त्याचा एकदाही संशय आला नाही! तिला ते सगळं आठवलं. रीमा उकळलेलं पाणी गाळून ठेवायची, आणि आक्का म्हणायची उकळलेल्या पाण्यात काही जीव राहत नाही, तांब्यातलं पाणी म्हणजे औषध. मग रीमा गोदामात गेली की आक्का रुचिकाची शाळेची बाटली रिकामी करून कळशीतल्या पाण्याने भरायची. रोज. मायेने.

तरी संशयी बाई ती. तिने ताईकडून आणखी दोन बाटल्या आणल्या. पुढच्या पाळीला एक पहिल्या पाण्याने भरली, दुसरी वीस मिनिटांनंतरच्या. पुन्हा सूत, पुन्हा कुलूप. देवापुढे हात जोडून मागणं एकच, की दोन्ही काळ्या पडू दे, म्हणजे दोष त्या पाइपचा आणि ऑफिसातल्यांचा. पण पहिली काळी पडली आणि दुसरी नाही.

ती दुपारी काळी बाटली पिशवीत घालून पाण्याच्या ऑफिसात गेली. पाइप गटारातून उचला म्हणाली. तिथल्या साहेबाने अर्ज घेतला आणि बघतो म्हणाला. आक्काने त्याचं तोंड वाचलं. त्याच्या डोळ्यांत बघण्यासारखं काही दिसलं नाही, म्हणून अर्जावर शिक्का पडेपर्यंत ती टेबलासमोरून हलली नाही.

संध्याकाळी तिने पडघ्याला फोन लावला. रुचिकानेच उचलला.

"आजी! चोर सापडला?"

"सापडला गो."

"कोण आहे?"

"तुझी आजी."

रुचिका खळखळून हसली. "आजी, खरं सांग ना!"

"आईला दे फोन," आक्का म्हणाली.

रीमाला तिने सगळं सांगितलं. पाइप, पहिलं पाणी, कळशी, शाळेची बाटली. एक शब्द गाळला नाही, रडली तेही लपवलं नाही. मागे टीव्हीचा आवाज येत होता, आणि रुचिका कोणाला तरी सांगत होती, आजी म्हणते आजीच चोर आहे.

"मी उकळून ठेवायचे, आणि तुम्ही ते ओतून द्यायचात?" रीमाने शेवटी विचारलं.

"हो."

आक्काने फोन कानाला घट्ट धरला. फोनमध्ये तोंड दिसत नाही, ही मोठी पंचाईत.

"रविवारी घेऊन येते तिला," रीमा म्हणाली. "पण तिची बाटली मी भरणार. आणि तुम्ही त्या बाटलीला हातसुद्धा लावायचा नाही."

"न्हाय लावणार."

"कळशी?"

"कमळला दिली. तिची पोरं तिच्यात रोपं लावणार हायेत." आक्काने डोळे पुसले. "तू भर गो बाटली. मी बघायलासुद्धा न्हाय येणार."

ती बघायला येणार, हे दोघींनाही माहीत होतं.