विंझरच्या लेकीचं जातं

मी घडवलेल्या नव्या जात्यात कारभारणीनं मूठभर तांदूळ टाकले, चार फेरे फिरवले, पीठ जिभेवर ठेवलं आणि थुंकली.

"कच लागतीया."

"नव्या जात्याला लागणारच. चार दळणांत जाईल."

"ही टाकीची न्हाई, दगडाचीच हाय. गिऱ्हाइकाला दिऊ नगा."

"तू दगड घडवतीस व्हय?"

"तुमी पीठ दळता व्हय?"

आमचं दोघांचं हे शेवटचं काम. त्याच दुपारी तिला पटकी लागली. दुसऱ्या दिवशी गेली.

मी कामथडीत जाती घडवायचो. तेव्हा जवळपास गिरणी नव्हती, घरोघरी जात्यावरच दळण. टाकी म्हणजे छिन्नीनं दगडाला पाडलेले खळगे. ते झिजले की परत पाडता येतात. पण दगडच पोचट असला तर जन्मभर पिठात कच उतरते. मी दगड वाजवून सांगायचो, ती चाखून. चुकलो तर मीच.

तेरावं झालं आणि ज्यांनी ते नवं जातं सांगितलं होतं ते विंझर गावचे तात्या न्यायला आले. लेकीचं लग्न चार दिवसांवर, जातं तिच्याबरोबर सासरी जायचं होतं. तात्या मुंबईला गोदीत राहून आलेले. दगडावर टिचकी मारून म्हणाले, "वाजतंय तर खणखणीत. ग्यारंटी काय?"

गप्प बसलो असतो तर खपलं असतं.

"कच हाय," मी म्हणालो.

"मग दुसरं द्या."

"तयार न्हाई. पंधरा दिस लागतील."

"आन् तवर पोरीनं काय, दातानं दळायचं?"

"हे नेलं तर सासू पहिल्याच भाकरीला तुमचा उद्धार करंल."

तात्या टेकले. पाणी प्याले. घरात कोपऱ्यात रोवलेल्या जात्याकडं त्यांची नजर गेली.

"ते कुणाचं?"

"कारभारणीचं. वीस वर्सं झाली."

"कच?"

"न्हाई."

तात्यांनी मान खाली घातली. "सवाष्ण गेल्या त्या. लेकीला त्यांचं जातं मिळालं तर चांगलंच. पर मागायला तोंड हुईना."

"उद्या परत गाडी घिऊन या, उकरून ठिवतो," मी म्हणालो.

जातं घेणाऱ्याला मी तेव्हापासून एकच सांगतो. घडवणाऱ्याचं ऐकू नका. त्याच्या घरात दळतं कोण, तिला विचारा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी ते जातं उकरून काढलं. खुंटा झिजला होता, तो काढून नवा ठोकला. तात्यांच्या गाडीत पेंढा पसरून दोन्ही दगड चढवले. मग नाचणीची पाटी घेऊन शेजारणीच्या दारात दळणासाठी उभा राहिलो.