आठवड्याला एक ओळ

बोलता बोलता काका उजव्या बोटाने डाव्या तळव्यावर रेघा ओढायचे. ओठांत मोजणी चालू. "सात... आठ... थांब, चुकलं." मग तळवा पायजम्याला पुसायचे, जणू त्यावर खरंच काही उमटलं होतं. हिंदी मुलखातल्या मदन महलच्या आमच्या गल्लीत नव्याने आलेल्याला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तुम्हालाही वाटलं असतं. काका जपानी अक्षरं शोधत असायचे.

सगळी नोकरी त्यांनी कालव्यांचे नकाशे काढण्यात घालवली होती. मुलगा जपानात, सून तिकडचीच. काकू गेल्या तेव्हा मुलगा येऊ शकला नाही आणि काका फोनवर नको ते बोलून बसले. त्यानंतर नऊ वर्षं दोघांपैकी एकानेही फोन केला नाही. बाप तसा लेक, दुसरं काय!

आणि एक दिवस नातीचं पत्र आलं. अकरा वर्षांची पोर, दोन पानं, सगळं जपानीत. खाली फक्त एक फोन नंबर. बापाच्या कागदांत तिला पत्ता सापडला असावा.

मी शेजारीण. चटकन म्हणाले, "काका, द्या इकडे. त्याच्यावर मोबाइल धरला की मिनिटात हिंदीत येतं."

त्यांनी पत्र छातीशी धरलं. "तिनं मोबाइलला लिहिलं का? मला लिहिलं. मीच वाचीन. घाई काहून, बेटा?"

"घाई काहून" हे त्यांचं ठरलेलं. दूधवाल्याला तेच, डॉक्टरलाही तेच.

मी त्यांना जाडजूड कोश मागवून दिला. त्यात अक्षर शोधायचं तर आधी रेघा मोजायच्या, मग त्यातला मुख्य तुकडा ओळखायचा, मग पानं उलटत बसायचं. गढ्याच्या बाजारातून त्यांनी चौकटींची वही आणली. अडलं की माझ्याकडे यायचे. माझ्या मोबाइलवर बोटाने अक्षर काढलं की अर्थ दाखवणारं ॲप होतं.

"काय मशीन आहे तुझी! हिला पाऊसच माहीत नाही. जपानात पडत नाही का?"

पाहिलं तर काका उभ्या रेघा आधी काढत होते आणि माथ्यावरची आडवी रेघ सगळ्यात शेवटी, आपण मराठीत देतो तशी. ॲप भलतंच अक्षर दाखवत होतं. मी वरची रेघ आधी काढायला लावली. पाऊस आला.

"अच्छा! आपण छप्पर शेवटी टाकतो, हे लोक आधीच टाकून राहिले."

दर रविवारी ते मला एक ओळ वाचून दाखवायचे. एकच. नातीच्या शाळेत ससा आहे. गुडघाभर बर्फ पडला. तिला वांगं आवडत नाही.

"वांगं नाही खात! बापावर गेली," काका हसले. नऊ वर्षांत मुलाचं नाव निघालं ते असं.

"आज दोन ओळी होतील की," मी एकदा म्हटलं.

"मग पुढच्या रविवारी काय वाचू? दुसरं पत्र येते का नाही, कोणाला माहीत."

खरं सांगते, मलाही त्या रविवारांची चटक लागली होती. पुन्हा मोबाइल पुढे करायचं माझ्या मनातही आलं नाही.

पहिलं पान संपायला अकरा रविवार लागले. दुसऱ्या पानाच्या दोनच ओळी झाल्या होत्या, तेव्हा जपानहून फोन आला. मुलाचा सहकारी इंग्रजीत बोलत होता. काकांनी फोन माझ्याकडे दिला. मुलगा चार महिने आजारी होता. त्या सकाळी गेला.

काकांनी पत्र पुढे केलं. "लाव तुझा मोबाइल."

मी दुसऱ्या पानावर मोबाइल धरला. पडद्यावर अक्षरं उमटली: "पापा अस्पताल में हैं। कहते हैं, दादाजी को मत बताना। पर रोज़ आपकी बातें करते हैं। आप फ़ोन कर दीजिए।"

"नंबर तर पहिल्याच दिवशी पाहिला होता," काका म्हणाले. "पूर्ण वाचून मग लावीन म्हटलं. पोरीशी तिच्या भाषेत दोन शब्द बोलीन म्हटलं." आणि तो माणूस लहान मुलासारखा रडला. एका मिनिटाचं काम होतं, आणि मोबाइल माझ्या हातात होता. मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मग त्यांनी उत्तर लिहिलं. तीन वाक्यं, महिनाभर, माथ्यावरची रेघ आधी काढून. मी सावकाश वाचतो. त्यामुळे उशीर झाला. मला माफ कर.

उन्हाळ्यात काका दोन दिवसांच्या तापाने गेले. पंधरा दिवसांनी पोस्टमन आला. त्यांच्या घराला कुलूप, म्हणून पाकीट माझ्याकडे दिलं. या वेळी मी थांबले नाही. फाटकातच उभी राहून पत्र फोडलं आणि त्यावर मोबाइल धरला.

पहिली ओळ आली: "दादाजी, इस चिट्ठी में कोई बुरी ख़बर नहीं है। आराम से पढ़िए, कोई जल्दी नहीं।"