सुटकेचा भोंगा

"रक्तातलं सोडियम फार उतरलंय," नगरच्या दवाखान्यात डॉक्टर मला म्हणाले. सोडियम म्हणजे मीठच. ते उतरलं की मेंदूला सूज येते आणि माणूस भ्रमात जातो. त्या भ्रमाला त्यांनी डेलिरियम असं नाव सांगितलं. "सलाईन तीन दिवस थेंबथेंब चाललं पाहिजे. घाई करता येत नाही आणि बंदही पडता कामा नये. झटके सुरू झाले तर म्हातारबाबा हाती लागायचे नाहीत."

चूक माझी होती. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बीपीसाठी लघवीची गोळी सुरू झाली तेव्हा मीठ कमी करा असं सांगितलं होतं. मी महिनाभर बंदच केलं. मामा अर्ध्या ताटावरून उठायचे. का, ते मी विचारलं नाही. आमच्याकडे सून सासऱ्याशी समोर बोलत नाही. अठरा वर्षं काही सांगायचं झालं तर मी पोरांना सांगायचे, नाहीतर दाराला.

आमचे मालक साखर कारखान्यात. हंगाम चालू, रजा नाही. दिवसभर मामांजवळ मी एकटी.

पहिल्याच दिवशी सकाळी लष्कराचा तोफांचा सराव सुरू झाला. नगरला त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण खिडकीच्या काचा हादरल्या तशी मामांनी हातातली सुई उपसली, माझं मनगट धरलं आणि मला ओढत खाटेखाली शिरले.

"रंग्या, आडवा पड! जपानी आले!"

मामा तरुणपणी कलकत्त्याच्या गोदीत हमालीला होते, एवढंच मला ठाऊक. लढाईत तिथं जपानी विमानांनी बॉम्ब टाकले होते, हे मला त्या खाटेखाली कळलं.

एका बाजूला भिंत, पाठीत खाटेचा लोखंडी पाय, फिनेलचा वास. त्यांच्या हाताचं रक्त माझ्या बांगड्यांवर ओघळत होतं. सिस्टर वाकून म्हणाली, "आजोबा, लढाई कधीच संपली." त्यांनी पकड आणखी आवळली.

डॉक्टर आले. "झोपेचं इंजेक्शन देणं धोक्याचं आहे. श्वास मंदावेल. हात बांधावे लागतील." वॉर्डबॉय पट्ट्या आणायला गेला.

"मामा, सोडा," मी म्हणाले. समोरासमोर बोललेला माझा पहिला शब्द.

"सोडतो व्हय! मागल्या टायमाला सोडला तर भोंग्याआदी पानी प्यायला उठलास. काय ऱ्हायलं तुजं? नुसती चप्पल."

रंग्या त्यांचा गोदीतला सोबती असावा. "कोणता भोंगा?"

"इसरला? धोक्याचा खालीवर रडतो. सुटकेचा सरळ, लांब. त्यो झाल्याबिगर उटायचं न्हाई."

तो भोंगा कुठून येणार? पट्ट्या घेऊन आलेल्या माणसाचे पाय मला खालून दिसले. मी डोळे मिटले आणि तोंडानं सुरू केलं. ऊऽऽऽ. सरळ, लांब. दम संपला, पुन्हा घेतला.

मामांची बोटं एकेक करून सैल झाली. "झालं. ऊट रंग्या."

आपल्या पायांनी ते खाटेवर चढले. सिस्टरनं दुसऱ्या हाताला सुई लावली. शेजारच्या पेशंटचा मुलगा म्हणाला, "ताई, आमच्या बासाठी बी वाजवा की. चार दिस झालं, जेवना." सगळे हसले. मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी तोफा चार वेळा झाल्या. सिस्टर बाटली उंच धरून उभी राहायची, मी खालून भोंगा द्यायचे. घसा बसला तेव्हा तिनं स्वतः दिला. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

कोणावर अशी पाळी आली तर एवढंच सांगते. आपलं माणूस भ्रमात असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. ते कुठे अडकलंय ते आधी विचारा. लाज वाटेल, वाटू द्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. सोडियम वर आलं होतं. डॉक्टर खाटेशी उभे असतानाच तोफ उडाली. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. मी पदर खोचून खाली बसले.

मामांनी खिडकीकडे पाहिलं. मग खाटेच्या कडेवरून वाकून म्हणाले, "सूनबाई, खाली काय करतीस? मिल्ट्रीचा सराव हाय त्यो."

मी तशीच फरशीवर बसून रडले.