खिडकीची पाचर

गल्लीत त्यांना सगळे ओळखपरेड म्हणत. तोंडावर ओळखपरेडकाका, पाठीमागे नुसतं ओळखपरेड, आणि काकांना दोन्ही ठाऊक होतं. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या सासूच्या पेटीत काही विचित्र लोखंडी-लाकडी सापडलं, की ते काकांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हजर केलं जाई. समोरची शिवणकाम करणारी बाई एकदा लाकडी अळंब्यासारखं काहीतरी घेऊन आली. वर्षभर ती त्यानं लसूण ठेचत होती. काकांनी ते उलटसुलट केलं आणि सांगितलं, की मोजा रफू करताना हे आतून टाचेत धरायचं असतं. सुईदोऱ्यावर जगणाऱ्या बाईला तेवढं कळू नये, म्हणून गल्ली पुढं कितीतरी दिवस तिच्या घरच्या मोज्यांना लसणाचा वास येतो का विचारत राहिली.

काकांची रीत साधी. डोळे मिटायचे, वस्तू तळहातावर तोलायची, मग अंगठ्यानं चाचपत झीज शोधायची. "तिला नाव विचारू नका," ते म्हणत, "झिजलीय कुठं ते विचारा. हात लागतो तिथं वस्तू खोटं बोलत नाही."

हात त्यांचा तयार होता. उभं आयुष्य कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये गेलं. लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना करायचा, तो केसभर चुकला तर पुढचा सगळा माल भंगारात. मुलगा त्याच कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर लागला. प्रेसला दोन बटणं होती, एकेका हाताला एकेक. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येणार, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. तरी एक दिवस राहिला. आधी हात गेला, मग हातामागोमाग मुलगा. मशीन जुनं, बटण अडकलं, असं चौकशीत ठरलं. सुनेला कारखान्यात कामाला घेतलं. ती रोज त्या मशीनवरून जायची आणि घरी आली की त्याचा उद्धार करायची. काका मान खाली घालून ऐकायचे. दुःख आहे पोटात, असं तिला वाटायचं.

पुढं कारखानाच बसला. एका शेडमध्ये जुन्या अवजारांचं दालन करायचं ठरलं आणि मांडामांडीला सूनच राहिली. कपाटांच्या मागून, मशीनच्या बुडाखालून निघालेलं जे कुणाला ओळखू येईना, ते दालन सांभाळणाऱ्या बाई तिच्याबरोबर घरी पाठवायच्या. तिलाही त्याचा अभिमान. आमच्या बाबांना दाखवते, म्हणायची.

त्या संध्याकाळी तिनं टेबलावर पिशवी उपडी केली. पहिली वस्तू पट्ट्याला भोकं पाडायची निघाली, दुसरी कुठल्याशा तेलाच्या डब्याची तोटी. काका रंगात होते. मग तिनं तिसरी पुढं सरकवली. बोटाएवढी लाकडाची पाचर, एका अंगाला कातड्याची पट्टी डकवलेली, तेलानं काळीठिक्कर.

काकांनी डोळे मिटले नाहीत. हातात घ्यायचीसुद्धा गरज नव्हती.

याच टेबलाशी उभं राहून मुलगा म्हणाला होता, की एक बटण आपोआप दाबून धरील असं काहीतरी करून द्या, एक हात मोकळा झाला की बघा माल कसा निघतो ते. काकांनी करून दिली. पहिली सटकली. दुसरी सटकली. मग इरेला पडून त्यांनी तिसरी केली, घसरू नये म्हणून कातडं लावलं, मुलाच्या अंगठ्याच्या मापाची खाच पाडली. मस्त बसली बाबा, असं तो दुसऱ्या दिवशी दारातूनच सांगत आला होता. आणि तो हात गेला त्या दिवशी ती बटणावरून कुणी उपसली, कुठं भिरकावली, हे काकांनी कधीच कुणाला विचारलं नाही.

सून हनुवटीखाली मूठ घेऊन वाट बघत बसली होती. सांगायचं असेल तर हीच वेळ होती. काकांनी तोंड उघडलं.

"पाचर आहे," ते म्हणाले. "खिडकीची."

"मग कातडं कशाला?"

"वाजू नये म्हणून."

तिनं ती उचलली आणि अंगठा बरोबर खाचेत ठेवला. रीत तिला त्यांनीच शिकवली होती. "पण झीज एकाच अंगाला आहे, बाबा."

"वारा एकाच अंगानं येतो, पोरी."

ती हसली. काकांनाही हसावं लागलं.

दालनाच्या बाई ती फेकून देतील, एवढाच हिशोब त्यांच्या डोक्यात होता. बाई फेकायलाच निघाल्या होत्या, खिडकीच्या पाचरी का कुणी मांडतं म्हणून. सुनेनं मागून घेतली. काकांच्या खोलीची खिडकी किती दिवसांची आदळत होती, त्यांची झोपमोड होत होती. घरी येऊन तिनं पदरानं तेल पुसलं, पाचर फटीत सारली आणि तळव्यानं एक थाप मारली.

"मस्त बसली, बाबा."

ती पोळ्या लाटायला गेल्यावर काकांनी उठून पाचर उपसायला घेतली. कातड्यानं चौकट धरून ठेवली होती. नखं दुखली, पण ती जागची हलली नाही. काम चोख होतं.

त्यानंतर शिवणवाली एकदा पितळेचं काहीतरी घेऊन आली. काकांनी मांडीवरचे हात उचलले नाहीत. आता नाही ओळखता येत, म्हणाले. थट्टा समजून ती तिथंच ताटकळत बसली. सुनेला अवघडल्यासारखं झालं. बाबा हल्ली थकलेत हो, असं म्हणत तिनं तिला हाताला धरून खोलीत नेलं आणि खिडकी दाखवली. नाहीतर कचऱ्यातच गेली असती बिचारी पाचर, ती कौतुकानं सांगत होती, एवढ्या मोठ्या कारखान्यात एकालाही ओळखता आली नाही.

"मग ओळखली कुणी?" शिवणवालीनं विचारलं.

"कुणी म्हणजे? आमच्या बाबांनी. हातसुद्धा न लावता."