गोदाताईने वाचलेल्या सहा लकीरा

वाईहून काशीला निघालो तेव्हा वडील नदीपर्यंत पोचवायला आले. "मामांकडे वेद शीक. गाण्याबजावण्यात शिरलास तर तोंड दाखवू नकोस." आई म्हणाली, "पोटभर जेव." मी फक्त आईचं ऐकलं.

मामांची पाठशाळा पंचगंगा घाटाच्या वर, गल्लीत होती. तिथे संस्कृत शिकायला येणाऱ्या एका ऑस्ट्रियन बाईंनी मायदेशी परतताना आपलं ल्यूट मला देऊन टाकलं. तीनचारशे वर्षांपूर्वी युरोपात वाजायचं तसलं तंतुवाद्य, अर्ध्या भोपळ्याच्या आकाराचं, मान मागे दुमडलेली. मी वेडाच झालो! पण नवशिक्याने काय वाजवायचं? चौकातल्या पुस्तकवाल्यांनी फिडलचे धडे गळ्यात मारले, ते काही कामाचे नव्हते. शेवटी ल्यूटच्या पेटीच्या अस्तराखाली दोन छापील पानं सापडली. सहा आडव्या रेघा, त्यांवर थोडीशी इंग्रजी अक्षरं. सोपे धडेच ते! आनंदाने मी जिना उतरताना धडपडलो.

अक्षरं म्हणजे सूरच, असं मी धरलं. a म्हणजे सा, b म्हणजे रे. मामा ओरडले, "त्या भोपळ्यात मांजर कोंडलंयस का रे? संक्रांतीपर्यंत काही धड वाजलं नाही, तर हे भांडं गंगेत!"

वाई-पुण्याच्या मंडळींनो, पुढची गोष्ट तुम्ही सगळे सांगता, की काकांनी, म्हणजे मी, ते कोडं एकट्याने सोडवलं. ते खरं नाही.

सोडवलं गोदाताईने. ती मामांची थोरली मुलगी, विधवा होऊन माहेरी राहिलेली. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. स्वयंपाकघरापुढच्या पडवीत भाजी निवडता निवडता तिने पान ओढून घेतलं.

"हे गळ्यासाठी नाहीच रे बुद्धू. हातासाठी आहे. तुमच्या संथेत नाही का, स्वर बदलला की हात वर, हात खाली? सहा लकीरा, सहा जागी तारा. आणि तू सा म्हणतोस ते पहिलं चिन्ह सगळीकडे सांडलंय. तिथे बोटच नको ठेवूस, तार मोकळी सोड. पुढच्या चिन्हाला पहिला पडदा. कर तर!"

केलं. आणि गाणं निघालं! लहानसं, ठुमकत चालणारं, कुठल्या तरी परक्या गावच्या लग्नातलं असावं तसं. गोदाताई हसत सुटली. "फिरसे, फिरसे!" भाजी तशीच राहिली.

मामा दारात आले. ऐकत उभे राहिले. "कुणी शिकवलं?"

बायकांनी संथा ऐकायची नाही, हा घरचा नियम. दाराआडून ती सगळं शिकली होती. तिला बोलणी बसू नयेत म्हणून मी म्हणालो, "माझं मीच." पण मामा "शाबास" म्हणाले तेव्हा ते फार गोड लागलं, आणि नंतरही, मामा गेल्यावर, ती गेल्यावर, मी गप्पच राहिलो.

माझ्या मराठीत आता निम्मी हिंदी आहे, वाईचे रस्ते आठवत नाहीत. घर म्हटलं की मला ती स्वयंपाकघरापुढची पडवी दिसते. तिथे मी सगळ्यात खूश होतो, आणि तिथेच खोटं बोललो. तुमच्यातली पोरं माझ्याकडून शिकून गेली, आता इतरांना शिकवतात. पहिल्या धड्याला त्यांनी गोदाताईचं नाव घ्यावं. माझं नाही घेतलं तरी चालेल.