तागाचे दोर

माझ्या काकांना शेतीतलं सगळं कळायचं, फक्त शेतात काय चाललंय ते सोडून. सन तीसनंतरची ती वर्षं. गोदाकाठचा आमचा मळा उसाने पार दमवला होता. शेतकीखात्याचा एक माणूस नाशिकहून आला आणि वडिलांना म्हणाला, पावसाळ्यात ताग पेरा, फुलावर आला की नांगरून गाडा, मग ऊस लावा. सोबत आणलेलं तागाचं रोप पुढे करून त्याने मुळांवरच्या बारीक गाठी दाखवल्या. त्या हवेतलं नत्र जमिनीत आणतात म्हणे.

काका वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी ते मूळ दोन बोटांत धरलं आणि नाक मुरडलं. "दादा, हा तर रोग हाय. गाडलास तर सगळी जमीन नासंल."

पुढचा ऊस तुटला की मळ्याची वाटणी व्हायची होती. निदान आपल्या वाट्याला येईल तो अर्धा मळा तरी कसदार होऊन पोरांच्या हाती यावा, एवढंच वडिलांना हवं होतं. पेरला सगळीकडे, पण मधल्या बांधाच्या अलीकडचाच ताग त्यांना गाडता आला. पलीकडचा काकांनी राखला. पिवळ्या फुलांवरून नांगर फिरत होता तेव्हा ते बांधावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगत होते, "बघा, आमचा दादा उभं पीक गाडतोय!" गाव हसलं. गावाला काय, हसायला निमित्तच हवं असतं.

मग काकांनी आपला रोगट ताग कापला, डबक्यात कुजवला, वाख काढून दोर वळले. रोग काही दोरात उतरला नाही. वास मात्र महिनाभर घरात होता.

पुढच्या साली अलीकडचा ऊस हिरवागार, जाडजूड. हात उंचावला तरी शेंडा लागेना. पलीकडचा पिवळा, काडीसारखा. काका रोज बांधावर येऊन बघायचे आणि खाली मान घालून परत जायचे. मला वाटलं, लाजले. कसले लाजतात!

ऊस तुटला, वाटणीचा दिवस आला. आमच्याकडे रीत अशी, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. वडिलांनी मधला बांध धरूनच वाटे पाडले. आजोबांनी घातलेला बांध मोडून कसदार जमीन दोघांत वाटायला त्यांचा हात धजला नाही. त्या भलेपणाचा मला आजही संताप येतो. काकांनी तत्काळ ताग गाडलेल्या बाजूकडे बोट केलं.

"आणि रोग?" वडिलांनी विचारलं.

"देवाच्या दयेनं बरा झाला."

मग काय वाटलं कोण जाणे, ते घरात गेले आणि दोरांची भेंडोळी आणून वडिलांच्या पायाशी टाकली. "घे दादा. तुझ्या वाट्यातल्या तागाचे हायेत. मी कुणाचं ठेवत नाय."